बैलाचे दात पाहतां, बातमीचे कां पाहत नाहीं?

(बाजाराच्या दिवशीं चावडीपुढें जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींसमोर झालेलें भाषण)



मला येथें बोलावयास उभें केलें आहे खरें, पण मी कांहीं पंडित नव्हे. बापानें जन्मभर नांगर धरला, आणि मीहि कांद्याची पट्टी हातांत आली म्हणजे तिच्याकडे पाहून सुस्कारा टाकणारा तुमच्यांतलाच एक शेतकरी आहें. म्हणून जें सांगावयाचें तें आपल्या रोजच्या व्यवहारांतून सांगतों. चुकलें तर तोंडावर सांगा. मागाहून पारावर बोलूं नका.

आज सकाळीं मी बैलबाजारांतून चालत आलों. तेथें एक म्हातारे बाबा खोंड घेत होते. त्यांनीं आधीं खोंडाचा ओठ वर करून दात मोजले. मग खूर पाहिले, खांदा चांचपला, दहा पावलें चालवून पाहिलें. विकणारा शपथांवर शपथा घेत होता, "बाबा, घरचा खोंड आहे, डोळे मिटून न्या." बाबा हूं हूं म्हणत होते, पण डोळे मिटीत नव्हते आणि हातहि खोंडाच्या अंगावरून काढीत नव्हते. पुढें कुंभाराजवळ एक बाई माठ घेत होती. तिनें एकेका माठाला टिचकी मारून आवाज ऐकला. बद्द वाजला तो बाजूला ठेवला, खणखणीत वाजला तो घेतला. सोनार कसोटीवर घांसल्याशिवाय सोनें घेत नाहीं. सुतार रंग पाहून फळी घेत नाहीं, गांठी पाहतो. आपल्या लोकांना परीक्षा येत नाहीं असें कोण म्हणेल?

पण तेवढ्यांत त्या बाबांच्या खिशांतला मोबाइल वाजला. नातवानें निरोप वाचून दाखविला : अमुक तालुक्यांत अमुक लोकांनीं असें असें केलें, हा निरोप सर्वांस पाठवा. बाबा म्हणाले, "अरेरे, काय दिवस आले हे! पाठव रे आपल्या मंडळींना." झालें! खोंडाचे दात मोजावयास अर्धा तास. बातमीचे दात मोजावयास एक क्षणहि नाहीं. खोंड खोटा निघाला तर एका घराचें नुकसान होतें. बातमी खोटी निघाली तर किती घरांचें होतें, तेंच आज मला सांगावयाचें आहे.

पहिली कबुली माझीच देतों. एका वर्षीं माझा उन्हाळी कांदा चाळींत भरून ठेवला होता. रात्रीं नऊच्या सुमारास निरोप आला कीं परवांपासून पंधरा दिवस बाजार बंद, व्यापाऱ्यांचा संप, ज्यांचा माल असेल त्यांनीं उद्यांच आणावा. निरोप पाठविणारा माझा मावसभाऊ. तो जन्मांत माझ्याशीं खोटें बोललेला नाहीं. मीं रातोरात चाळ फोडली, बायकापोरांना उठवून ट्रॅक्टर भरला. पहाटेस बाजाराच्या फाटकाशीं जाऊन पाहतों तों गाड्यांची रांग नजर पोहोंचेना इतकी लांब! सगळ्या तालुक्याचा कांदा एकाच दिवशीं आलेला. भाव निम्म्यावर आला. आणि तिसऱ्या दिवशीं काय? बाजार नेहमीप्रमाणें सुरू. संप नव्हता, बंद नव्हता, कांहीं नव्हतें.

मीं मावसभावाला विचारलें, तुला कोणीं सांगितलें? तो म्हणाला, मेव्हण्यानें. मेव्हणा म्हणाला, खताच्या दुकानदारानें. दुकानदार म्हणाला, एका गाडीवाल्यानें. असें करतां करतां सहाव्या माणसापाशीं दोरी तुटली. पहिला कोण तें आजवर कळलें नाहीं. पण त्या दिवशीं स्वस्त कांदा कोणीं भरून ठेवला तें मात्र सर्वांनीं पाहिलें. आणि सर्वांत लाजेची गोष्ट ही कीं तो निरोप मीं स्वतः अकरा जणांस पाठविला होता. त्यांतले चौघे त्या रांगेंत माझ्या मागेंच उभे होते.

माझे गेले ते पैसे. ते पुढल्या पिकांत भरून निघाले. पण खोट्या बातमीनें जें जातें तें नेहमींच भरून निघतें असें नाहीं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा या आदिवासी गांवीं आठवड्याचा बाजार होता. आजच्यासारखाच. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष त्या बाजारांत आले. भिक्षा मागत गांवोगांव फिरणें हें त्या समाजाचें पिढीजात जिणें. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढें बाजूचे होते. त्या दिवसांत घरोघरच्या मोबाइलांवर एकच निरोप फिरत होता : मुलें पळविणारी टोळी आली आहे, अनोळखी माणसांपासून सावध राहा. त्या पांचांपैकीं एकजण एका लहान मुलीशीं बोलला असा गलका उठला. जमाव जमला. त्या पांचांस ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून जीव जाईपर्यंत मारलें. पांचहि मेले.

त्यांनीं एकहि मूल पळविलें नव्हतें.

बंधूंनो, मारणारे कोण होते? कोणी जमीनदार नव्हते, सावकार नव्हते. तुमच्याआमच्यासारखेच बाजाराला आलेले गरीब लोक, पोराबाळांच्या काळजीनें धास्तावलेले. आणि मरणारे कोण होते? त्यांच्याहूनहि गरीब. ज्याच्या घराला दार आहे, ज्याला तालुक्याला चार ओळखीचे आहेत, त्याचा जीव असल्या बातमीनें सहसा जात नाहीं. ज्याचें घर म्हणजे पाल, ज्याला गांवांत कोणी ओळखत नाहीं, त्याचा जातो. खोट्या बातमीची किंमत नेहमीं सर्वांत खालचा माणूस देतो, हें एवढें वाक्य तुम्ही घरीं घेऊन गेलां तरी माझें आजचें काम झालें.

दोन वर्षांनीं, १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें पुन्हा तेंच झालें. चोर आले, मुलें पळविणारे आले, अशी हूल त्या भागांत उठली होती. दोन साधू व त्यांची गाडी चालविणारा, असे तिघे जमावाच्या हातून मेले. मग त्या खुनावर दुसरी खोटी बातमी बसली, कीं मारणारे अमुक धर्माचे. शेवटीं राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांचीं नांवें जाहीर करावीं लागलीं. त्यांत त्या धर्माचा एकहि नव्हता. एका खोट्यानें तीन जीव घेतले आणि दुसरें खोटें आणखी घेण्याच्या तयारींत होतें.

आतां प्रश्न असा कीं इतकी परीक्षा जाणणारे आपण लोक बातमीच्या वेळीं कां फसतों? माझ्या समजुतीप्रमाणें आपण बातमी मोजतों, पण खोट्या मापांनीं मोजतों. तीं मापें एकेक करून तुमच्यापुढें ठेवतों.

पहिलें खोटें माप : सांगणारा आपला आहे. भाऊ सांगतो, भावकी सांगते, आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा माणूस सांगतो, म्हणजे खरेंच असणार. पण दादा, खोटा रुपया प्रामाणिक माणसाच्या खिशांतूनहि चालतो! त्याला ठाऊक नसतें कीं तो खोटा आहे. माझा मावसभाऊ लबाड नव्हता. त्याच्या हातीं आलेला निरोप लबाड होता. माणूस भला आहे याचा अर्थ तो जाणूनबुजून फसविणार नाहीं, एवढाच. तो स्वतः फसला नसेल असा त्याचा अर्थ होत नाहीं.

दुसरें खोटें माप : दहा जण सांगतात. १९७७ सालीं अमेरिकेंत हॅशर, गोल्डस्टीन व टॉपिनो या तिघांनीं याची परीक्षा केली. विद्यार्थ्यांना दोन दोन आठवड्यांच्या अंतरानें तीन वेळां बसविलें व प्रत्येक वेळीं साठ विधानें ऐकवून, हीं कितपत खरीं वाटतात, असें विचारलें. कांहीं विधानें खरीं, कांहीं खोटीं. त्यांत थोडीं विधानें तिन्ही वेळां तींच ठेवलीं होतीं. असें दिसून आलें कीं जें विधान पुन्हां पुन्हां कानांवर आलें तें, खोटें असलें तरीहि, अधिक खरें वाटूं लागलें. नवा पुरावा कांहीं नव्हता. फक्त तें ओळखीचें झालें होतें. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हें शास्त्राशिवाय ठाऊक होतें. बकरें खांद्यावरून नेणाऱ्याला एकामागून एक ठग भेटतात आणि "खांद्यावर कुत्रें कशाला?" म्हणतात, ती गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. आतां ते ठग रस्त्यांत भेटत नाहींत, खिशांत भेटतात. आणि हेंहि ध्यानांत ठेवा : एका विहिरीचें पाणी दहा घागरींत भरलें म्हणून विहिरी दहा होत नाहींत. दहा जणांनीं सांगितलें, पण दहाहि जणांस एकाच ठिकाणाहून कळलें असेल, तर साक्षीदार एकच.

तिसरें खोटें माप फार खोल आहे : बातमी आपल्या मनांतल्या भीतीला किंवा रागाला पटते. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत व नेपाळांत मोठा भूकंप झाला. पाटण्याचे जमुना प्रसाद यांनीं त्यानंतर लोकांत उठलेल्या आवया गोळा केल्या. धक्का तर जोराचा बसला, पण घर पडलें नाहीं कीं माणूस मेलें नाहीं, अशा भागांतहि त्या भरपूर उठल्या. पाटण्याला मोठें वादळ येणार, २३ जानेवारीला घात होणार, चंद्रग्रहणाच्या दिवशीं पुन्हां भूकंप होणार, नेपाळाकडून पुराचा लोंढा येत आहे. पुढें फेस्टिंगर नांवाच्या अमेरिकन विद्वानानें १९५७ सालीं त्याचा उलगडा असा केला : धक्क्यानें माणसांच्या मनांत भीति तर शिरली, पण भ्यावें असें आजूबाजूला कांहीं दिसेना, मग मन भीतीला शोभेल अशी बातमी शोधूं लागलें. म्हणजे बातमीनें भीति आणली नाहीं, भीतीनें बातमी आणली.

हें आपल्यालाहि लागूं आहे. पीक हातचें गेलेलें असतें, कर्ज डोक्यावर असतें, पोरगा शिकून घरीं बसलेला असतो. मनांत राग असतो, पण तो कोणावर काढावा तें कळत नाहीं. अशा वेळीं एक निरोप येतो आणि बोट दाखवून सांगतो, "हा बघ तुझा वैरी." मन लगेच म्हणतें, मला वाटतच होतें! बंधूंनो, ज्या बातमीला तुमचें मन "मला वाटतच होतें" म्हणेल ती आधीं उंबऱ्याबाहेर उभी करा. कटु बातमी आपण स्वतःच तपासतों. गोड लागणारीला तपासावयाचें विसरतों.

चौथें खोटें माप : मीं डोळ्यांनीं पाहिलें. २०१८ सालीं देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवर दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतून एका मुलाला उचलतात आणि पळतात. कोणाच्याहि आईच्या काळजाचें पाणी व्हावें असें दृश्य. पण ती चित्रफीत आपल्या देशांतली नव्हतीच. पाकिस्तानांत, कराचीला, मुलांवर लक्ष ठेवा असें आईबापांस शिकविण्यासाठीं एका संस्थेनें ती मुद्दाम तयार केली होती. मूळ चित्रफितींत पुढें ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि उपदेशाचा फलक दाखवितात. कोणी तरी तो शेवट कापून टाकला आणि राहिलेला तुकडा भारतभर सोडून दिला. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांनीं कांहीं खोटें पाहिलें नाहीं. जें कापलें होतें तें त्यांना दिसलें नाहीं एवढेंच. डोळे तुकडा पाहतात आणि मन गोष्ट पुरी करतें.

आणि समोर घडलेलेंहि नीट पाहावें लागतें. २१ सप्टेंबर १९९५ आठवतो काय? सगळ्या देशांत देवाच्या मूर्ति दूध पितात म्हणून देवळांपुढें रांगा लागल्या. लोक खोटें बोलत नव्हते. चमच्यांतलें दूध खरोखरच कमी होत होतें. मग शास्त्रज्ञांनीं रंगीत दूध घेतलें, तेव्हां तें मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळानें खालीं उतरतांना दिसलें. भरल्या चमच्याचा कांठ मूर्तीच्या ओल्या अंगाला टेकला म्हणजे दूध त्या पृष्ठाला धरून वाहूं लागतें. येथें लोहारदादा बसले आहेत. त्यांनीं घरीं जाऊन ऐरणीचें टोंक ओलें करावें आणि भरला चमचा त्याला टेकवून पाहावा. ऐरणहि दूध पिईल! देवावर श्रद्धा ठेवणें न ठेवणें ज्याचें त्याच्यापाशीं. मी एवढेंच म्हणतों कीं त्या दिवशीं शेजारच्या दगडालाहि एक चमचा लावून पाहावें हें फार थोड्यांना सुचलें.

आतां तर चित्र आणि आवाज यंत्रानें बनवितां येतात. पुढाऱ्याच्या तोंडीं न बोललेलें भाषण घालतां येतें. तुमच्या पोराच्या आवाजांत "बाबा, मी अडकलों, पैसे पाठवा" म्हणवितां येतें. असा फोन आला तर तो बंद करा आणि पोराच्या नेहमींच्या नंबरावर तुम्ही स्वतः लावा. पोलिसाचा पोशाख करून फोनवरच "तुम्हांस अटक केली आहे, घरांतून हलूं नका, पैसे भरा" म्हणणारे ठगहि निघाले आहेत. फोनवरून अटक करण्याची रीत कायद्यांत नाहीं. फसगत झालीच तर लाजत बसूं नका, १९३० या नंबरावर ताबडतोब तक्रार करा.

पांचवें खोटें माप सांगतों आणि हा पाढा पुरा करतों : शिकलेला माणूस सांगतो. आमच्यांतल्या पुष्कळांना वाटतें कीं आपण कमी शिकलेले म्हणून फसतों. तर ऐका. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग व सारा मॅक्ग्रू यांनीं पंचेचाळीस माणसें घेतलीं : दहा इतिहासाचे पंडित, पंचवीस विद्यार्थी, आणि दहा असे कीं बातम्या तपासणें हाच ज्यांचा धंदा. त्यांच्यापुढें इंटरनेटवरचा मजकूर ठेवला आणि कोणावर विश्वास ठेवावा तें विचारलें. पुष्कळ पंडित व विद्यार्थी मजकुराचा थाट, संस्थेचें भारदस्त नांव आणि शिक्का पाहून फसले. तपासनीस फसले नाहींत. कां? पंडित तोच मजकूर खालीं वर वाचीत बसले. तपासनीसांनीं तो फार वाचलाच नाहीं, ते तडक बाहेर पडले आणि या लिहिणाऱ्याविषयीं इतर लोक काय म्हणतात तें पाहूं लागले.

आतां मला सांगा, ही विद्या आमच्या बायाबापड्यांना ठाऊक नाहीं काय? मुलीची सोयरीक जुळवितांना आपण मुलाचें घर पाहून येतों. तेथें चहापोहे मिळतात, भिंतीला नवा रंग असतो, सगळे गोड बोलतात. तेवढ्यावर कोणी मुलगी देतो काय? शहाणा बाप त्याच गांवच्या दुसऱ्या आळींत जातो, पाणवठ्यावर विचारतो, पोरगा पितो काय, कर्ज किती आहे, पहिल्या सुनेचें काय झालें. बातमीचेंहि असेंच करावें. तिच्या तोंडाकडे पाहत बसूं नये, तिच्या शेजाऱ्यांना विचारावें.

म्हणून हीं खोटीं मापें फेकून देऊन पांच प्रश्न गांठीं बांधा.

पहिला : तूं स्वतः पाहिलेंस काय? नसेल तर कोणीं पाहिलें? दोरी धरून मागें मागें जा. दोरी तुटली कीं बातमी खालीं ठेवा. व्हॉट्सॲपवर ज्या निरोपाच्या डोक्यावर दोन बाणांची खूण असते तो पुष्कळ हातांतून फिरून आलेला असतो. पाठविणारा ओळखीचा असेल. लिहिणारा कोण तें त्यालाहि ठाऊक नसतें.

दुसरा : गांव कोणतें आणि तारीख कोणती? "काल शेजारच्या तालुक्यांत" असें लिहिलेला निरोप दहा वर्षांनींहि कालचाच राहतो आणि कोठेंहि शेजारचाच ठरतो. गांवाचें नांव असेल तर उत्तमच. असा कोणता गांव आहे कीं जेथें आपली लेक दिलेली नाहीं किंवा जेथली सून आणलेली नाहीं? एक फोन लावा.

तिसरा : दुसऱ्या विहिरीचें पाणी काय म्हणतें? त्या माणसाशीं, त्या पक्षाशीं ज्याचा संबंध नाहीं असा कोणी हेंच सांगतो काय?

चौथा : यांत फायदा कोणाचा? माझ्या कांद्याची गोष्ट आठवा.

पांचवा : इतकी घाई कां? "ताबडतोब दहा जणांस पाठवा" असें जेथें लिहिलें असेल तेथें थांबा. "आतांच्या आतां घ्या, नाहीं तर बैल गेला," असें म्हणणाऱ्या दलालाचा बैल आपण घेतों काय? २००६ पासून २०१७ पर्यंत ट्विटरवर फिरलेल्या सुमारें १,२६,००० गोष्टी अमेरिकेंतील विद्वानांनीं तपासल्या आणि २०१८ सालीं तें प्रसिद्ध केलें. खऱ्या गोष्टीला १,५०० माणसांपर्यंत पोहोंचावयास खोटीच्या सुमारें सहापट वेळ लागला. आणि हें यंत्रांनीं केलें नव्हतें. माणसांनींच केलें होतें, कारण खोटी गोष्ट नवी व नवलाची असते. खोटें धांवतें तें आपल्याच पायांनीं. आपण पाय रोवले कीं तें थांबतें.

पण येथें कोणी उलटें टोंक धरूं नये. "सगळेंच खोटें, कोणावरच विश्वास नको," असें म्हणणारा स्वतःला मोठा शहाणा समजतो. पण तोहि आळशीच. सर्व बैल खोडकर म्हटलें म्हणजे दात पाहण्याचे कष्ट वांचतात, आणि शेत मात्र पडीक राहतें. खरी बातमी न मानल्यानेंहि माणसें मरतात. ओरिसाच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर १९९९ च्या वादळांत सुमारें दहा हजार माणसें मेलीं. ऑक्टोबर २०१३ मध्यें त्याच किनाऱ्यावर फायलीन नांवाचें मोठें वादळ आलें. त्या वेळीं इशारा मिळतांच सुमारें दहा लाख लोकांस किनाऱ्यावरून हलविण्यांत आलें, आणि मृत्यु पन्नासाच्या आंतबाहेरच राहिले. मधल्या वर्षांत तेथें आसरागृहें बांधलीं, गांवोगांव स्वयंसेवक तयार केले, आणि इशारा देणारे ओळखीचे झाले. विश्वास असा मिळवावा लागतो.

म्हणून ज्याच्याकडून बातमी घेतां त्याची खातेवही ठेवा. मागें त्यानें जें सांगितलें तें किती वेळां खरें निघालें? चुकला तेव्हां "मी चुकलों" असें त्यानें तितक्याच मोठ्या आवाजांत सांगितलें काय? जें वर्तमानपत्र आपली चूक कबूल करतें त्यावर थोडा अधिक विश्वास ठेवा. जें कधींच चुकत नाहीं त्यावर थोडा कमी. हें माप विरोधकांच्या पत्राला लावा, आणि आपल्या पत्रालाहि लावा. मीं आज जें सांगितलें त्यालाहि लावा. आपल्या बाजूचें खोटें हें खरें होत नाहीं. उलट उद्यां आपण खरें गाऱ्हाणें घेऊन उभे राहूं, तेव्हां लोक म्हणतील, हे कालचेच खोटारडे! ज्या गरिबाजवळ पैसा नाहीं, वशिला नाहीं, त्याच्याजवळ त्याच्या शब्दाची पत एवढीच काय ती मिळकत. ती फुकटच्या निरोपांवर उधळूं नका.

आतां शेवटची गोष्ट. राईनपाड्यास ते पांच जीव गेले, त्याच १ जुलै २०१८ च्या रात्रीं मालेगांवांतहि तीच हूल उठली. परभणीकडून पोटासाठीं आलेल्या एका कुटुंबास जमावानें गांठलें. पांच माणसें, त्यांत दोन वर्षांचें लेंकरूं. हजारावर लोक जमले होते. पण तेथल्याच कांहीं रहिवाशांनीं त्या पांचांस एका घरांत घेतलें, दार लावलें आणि पोलिसांस कळविलें. पोलिस आले, आणि पांचहि जिवंत राहिले.

दिवस तोच, आवई तीच, जमावहि तसाच. राईनपाड्याचें दार माणसें मारण्यासाठीं लावलें गेलें. मालेगांवचें दार माणसें राखण्यासाठीं लावलें गेलें. दार लावणाऱ्यांच्या मनांत एवढाच विचार आला असेल, कीं आधीं खरें काय तें कळूं द्या, मग पाहूं. बंधुभगिनींनो, तेवढा एक श्वास थांबणें हीच सगळी विद्या आहे, आणि तिला शाळेचा दाखला लागत नाहीं.

आज घरीं गेल्यावर मोबाइल वाजेल. निरोप येईल. पाठविणारा आपलाच असेल. तेव्हां त्या बैलबाजारांतल्या बाबांची आठवण करा, आणि पुढें पाठविण्याआधीं त्याला म्हणा, "थांब बाबा, जरा तोंड उघड. दात पाहूं दे."

इतकें बोलून मी बसतों.